मरीया कोण होणार?

कोल्हापुरातल्या एका संडे स्कूल टीचरचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

"आमच्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये ३ ते १४ वयाची ४२ मुलं आहेत, शिकवायला आम्ही दोघीच. दरवर्षी २४ डिसेंबरला संध्याकाळी मुलांची नाटिका असते. गेल्या वर्षी पात्रं वाटताना नऊ वर्षांची एक मुलगी कानाशी येऊन म्हणाली, 'टीचर, मला मेंढीच करा. मरीया गोरी असते.' मी काही बोलले नाही, तिला मेंढी केलं. वर्षभर ते सलतंय. यंदा कमिटीचं म्हणणं, नाटिका छोटी करा, डीजे लावून दोन डान्स बसवा, सांताक्लॉज आणा, गिफ्ट वाटा, म्हणजे लोक येतील. एक पालक म्हणतात, सांता चर्चमध्ये नकोच. दुसरे म्हणतात, सांता खोटा असं मुलांना सांगू नका. शेजारच्या गल्लीतली आठ-दहा हिंदू मुलंही येतात, त्यांचं काय करायचं कळत नाही. नाताळ जवळ आला की आनंद व्हायच्या ऐवजी धडकी भरते. मुलांना यातून नक्की काय मिळतं?"

प्रिय भगिनी,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

बाकीचे प्रश्न मागाहून घेते, आधी त्या मुलीचं. मरीया गोरी असते असं तिला कुणी तोंडाने सांगितलं नसणार. ती तीन वर्षांची असल्यापासून दर नाताळाला पुढच्या बाकावर बसून बघत आली आहे. मरीया गोरी, देवदूत गोरे, आणि उरलेल्या मुली मेंढ्या. नाताळच्या कार्डावर तेच, कॅलेंडरवर तेच. येशूची आई मरीया गालीलातल्या नासरेथ गावची, हातावर पोट असलेल्या योसेफ सुताराच्या घरात पडलेली पोर. उन्हातान्हात पाणी भरणारी, दळणारी. तिचा रंग शास्त्रात कुठे लिहिलेला नाही. तुमच्या त्या मुलीने चुकीचं उत्तर दिलं खरं, पण धडा आपण मोठ्यांनी दिलेला होता.

तुम्हाला वर्षभर सलतंय, हे मी समजू शकते. माझंही एक सलणं आहे. मी ३१ वर्षं संडे स्कूल चालवलं. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. गब्रीएल देवदूताचं काम एका अकरा वर्षांच्या मुलाला दिलं होतं. तो अडखळत बोलायचा, पण घरी आईसमोर रोज पाठ करायचा. रंगीत तालमीला तो पहिल्याच शब्दावर अडकला, मागे कुणी तरी हसलं, आणि मी घाबरून त्याच्या डोक्यावरची चंदेरी पट्टी काढून दुसऱ्याच्या डोक्यावर बांधली. त्याचा पहिला शब्द होता, "भिऊ नको." तो मुलगा २४ तारखेला आला नाही, आणि पुढे संडे स्कूललाच आला नाही. कार्यक्रम छान झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमापायी मूल गमावणं म्हणजे काय, ते मला त्या वर्षी कळलं.

खूप नंतर मला समजलं, की अडखळत बोलणारी मुलं इतरांबरोबर एका सुरात बोलताना बहुतेक वेळा अडखळत नाहीत. मेंढपाळांना दिसलेल्या देवदूताबरोबर तर स्वर्गीय सैन्याचा समुदायच होता, असं लूक आपल्या शुभवर्तमानात सांगतो. मग एका मुलाच्या गळ्यात सगळी वाक्यं कशाला? त्या दिवशी चार मुलांना एकदम बोलायला लावलं असतं, तर तो आज मंडळीत असता. म्हणून माझा आग्रह आहे, यंदा काहीही ठरवताना एवढंच बघा, की त्यात मूल कशासाठी आहे. मंडळीला दाखवण्यासाठी, की त्याला स्वतःला ती गोष्ट आतून कळावी म्हणून? तुमची धडकी मला वाटतं तिथूनच येते. ४२ मुलांना बेथलेहेमला घेऊन जाण्याऐवजी त्यांच्याकडून २०० माणसांसाठी शो बसवून घ्यायचं ओझं तुमच्या डोक्यावर आहे.

आता "मुलांना काय मिळतं" याचं उत्तर. एका वर्षी मी गव्हाणी म्हणून पुठ्ठ्याचं खोकं न घेता एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून खरीखुरी जुनी लाकडी गव्हाण आणली. आत कडबा टाकला. बाहुली ठेवायची वेळ आली तेव्हा एक मुलगा मध्येच उठला. त्याच्या घरी म्हशी, पहाटे वडील गंगावेशीत दूध घालायला जायचे. तो म्हणाला, "बाई, तसंच नका ठेवू. आधी धुवायला पायजे. म्हशीची लाळ असते की आत." सगळा वर्ग गप्प झाला. मग एका मुलीने विचारलं, "मग येशूला लाळ लागली असंल?" मी म्हटलं, "लागली असेल." तिने आपल्या डोक्याचा स्कार्फ काढला, कडब्यावर अंथरला, आणि घरच्या धाकट्या भावाला गुंडाळते तशी बाहुली पाय दुमडून घट्ट गुंडाळली. शास्त्रातला "बाळंते" हा शब्द मला तिला समजवावा लागला नाही. देव माणूस झाला म्हणजे काय, हे मी इतक्या वर्षांत त्याहून चांगलं कधी शिकवू शकले नाही.

अशी जागा तालमीच्या धांदलीत सापडत नाही, तिला वेळ द्यावा लागतो. म्हणून गोष्ट एका संध्याकाळी उरकू नका. नाताळाच्या आधीचे आगमनकाळाचे चार रविवार तुमच्या हातात आहेत. पहिल्या रविवारी याजक जखऱ्या, त्याची बायको आणि मरीयेची नातलग अलीशिबा, आणि गब्रीएलाचं मरीयेकडे येणं. दुसऱ्या रविवारी योसेफाचं स्वप्न आणि नावनिशी लिहून द्यायला केलेला प्रवास. नासरेथ ते बेथलेहेम म्हणजे कोल्हापूरहून साताऱ्याला चालत जाण्याइतकं, थोडं जास्तच. दिवस भरलेल्या बाईला घेऊन! हे असं सांगितलं, की मोठी मुलं एकदम सरळ बसतात. तिसऱ्या रविवारी मेंढपाळ, चौथ्या रविवारी गव्हाणी. आणि मागी लोकांना, म्हणजे तारा बघत पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांना, जानेवारीसाठी राखून ठेवा. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात ते घरात येऊन बाळाला भेटतात, गोठ्यात नाही. ते तीन होते असंही तिथे लिहिलेलं नाही, दानं तेवढी तीन आहेत: सोने, ऊद आणि गंधरस. ६ जानेवारीला त्यांचा सण जुन्या मंडळ्या पाळतच आल्या आहेत. शिवाय नाताळ संपला की जानेवारीत मुलांची हजेरी पडते. मागी यायचे बाकी आहेत म्हटल्यावर निम्मी तरी नक्की येतात. हेरोद राजाने केलेली बाळांची कत्तल सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना सांगू नका. राजा रागावला आणि देवाने योसेफाला सावध करून मिसर देशात पाठवलं, एवढं त्यांना पुरे. बारा वर्षांपुढच्यांना पूर्ण अध्याय वाचायला द्या, त्यांना तो पेलतो.

नाटिकेतला तो खाष्ट धर्मशाळावाला यंदा काढून टाका. दरवर्षी तो दार आपटतो, लोक हसतात, आणि शास्त्रात तो मुळी नाहीच. "उतारशाळेत जागा नव्हती" एवढंच लूक म्हणतो. तिथला मूळ ग्रीक शब्द पाहुण्यांच्या खोलीसाठीही वापरतात. पुढे येशूच्या शेवटच्या, वल्हांडणाच्या भोजनाची खोली सांगताना लूकने तोच शब्द वापरला आहे. म्हणजे कदाचित घर नातलगांनी गच्च भरलेलं, आणि बाळंतिणीची सोय जनावरं बांधतात त्या भागात केलेली. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या जुन्या घरांत एकाच छपराखाली माणसं आणि जनावरं राहतात, तुमच्यातल्या कितीतरी मुलांनी आजोळी ते पाहिलं असेल. त्यांनाच विचारा, अशा घरात बाळ जन्मलं तर कोण कोण धावतं? ती तुम्हाला धर्मशाळावाल्याच्या जागी दोन आत्या, एक आजी आणि पाणी तापवणारी शेजारीण देतील. म्हणजे चार पात्रं वाढली!

मेंढपाळांसाठी टॉवेल आणि नाइट गाऊन नकोत, घोंगडी आणा. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना धनगर परके नाहीत. सुगीनंतर मोकळ्या रानात मेंढ्या बसवलेल्या असतात, रात्रभर माणूस आणि कुत्री राखणीला. "रानात राहून रात्री कळप राखत होते" हे लूकचं वाक्य आपल्याकडे आजही डोळ्यांनी बघता येतं. जमलं तर एका रविवारी मोठ्या मुलांना पालकांसह अशा कळपापाशी घेऊन जा, अर्थात त्या लोकांना आधी विचारून. मुलं परत येतात ती घोंगडीच्या वासासकट.

कमिटीकडे वळते. त्यांना शत्रू समजू नका. लोक यावेत असं त्यांना वाटतं, आणि मंडळीतली माणसं नाटिकेला कंटाळली आहेत हेही खरं असेल. आधी पाळकांना एकट्याने भेटा, मग कमिटीसमोर कागदावर लिहून जा: पाऊण तासाचा कार्यक्रम, एवढी मुलं, एवढा खर्च. तोंडी विनंतीचा निकाल तोंडीच लागतो. डीजेला मात्र ठाम नाही म्हणा. तीन-चार वर्षांची मुलं त्या आवाजाने कानावर हात ठेवून रडतात. काही मुलांना मोठा आवाज सहनच होत नाही, आणि त्यांच्या आयांना मग मागच्या दाराने बाहेर जावं लागतं. डान्स हवाच असेल तर एकच बसवा आणि तो हार्मोनियम-ढोलकीवर, आपल्या मराठी पदावर. मुलांचे आवाज कमी-जास्त लागले तरी चालतील, स्पीकरमागे ते हरवायला नकोत.

मराठी पदांचा आग्रह मी एका कारणाने धरते. आपल्या मुलांना शाळेत ऐकून घ्यावं लागतं, "तुमचा सण इंग्रजांचा ना?" मूल गप्प बसतं, कारण घरी-चर्चमध्ये त्यानेही नाताळला इंग्रजी गाणीच ऐकलेली असतात. त्याला सांगा, की रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात १८५२ साली आले. त्यांच्या नावाचं चर्च आजही शहरात उभं आहे. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली याच गावात जन्मला, म्हणजे तोही कोल्हापूरचंच पोर. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर येशूची गाणी अभंगाच्या चालीत लिहिली. आपल्या आज्या नाताळाला करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या करत आल्या आहेत, आणि चांदणीचा कंदील दारात लागतो तो दिवाळीच्या आकाशकंदिलाशेजारच्याच खिळ्याला. येशूचा जन्म इंग्लंडातही झाला नाही आणि अमेरिकेतही नाही, तो आशियातल्या एका खेड्यात झाला. दहा वर्षांच्या मुलाला हे माहीत असलं की वर्गात उत्तर देताना त्याची मान खाली जात नाही.

सांताबद्दल दोन्ही पालकांचं थोडं थोडं बरोबर आहे. मी मुलांशी खोटं बोलत नाही. आज सांता खरा आहे असं छातीठोक सांगणाऱ्या बाईचं, "येशू खरा आहे" हे वाक्य मुलाने उद्या का मानावं? पण सांताला सैतान करायचीही गरज नाही. मुलाने विचारलं तर सांगा: चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावात निकोलस नावाचे बिशप होते. ६ डिसेंबरला त्यांचा स्मृतिदिन असतो. एका गरीब बापाच्या तीन मुलींची लग्नं हुंड्यापायी अडली होती, तेव्हा रात्री कुणाला न कळता त्यांनी घरात मोहरा टाकल्या, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडच्या मुलांना हुंडा समजावून सांगावा लागत नाही. ही गोष्ट ६ तारखेच्या आसपासच्या रविवारी सांगा आणि प्रत्येकाला एक काम द्या: या आठवड्यात कुणाचं तरी एक काम नाव न सांगता करायचं. आजोबांच्या चपला पुसून ठेवणं, शेजारच्या काकूंचं दूध वर नेऊन देणं. लाल कपड्यातला सांता उपासनेत नको. मुलांनी नंतर अंगणात आणलाच, तर आणू द्या, पण लहान मुलांना कुणाच्याही मांडीवर फोटोसाठी बसवायचं नाही.

आता शेजारच्या गल्लीतली मुलं. यात मी अगदी कडक आहे. त्यांच्या आई-वडिलांना घरी जाऊन भेटा आणि स्पष्ट सांगा, की आम्ही येशूच्या जन्माची गोष्ट सांगणार आहोत, प्रार्थना होईल, गाणी होतील. तुमची मुलं यावीत असं वाटतं, तुम्हीही या. ते हो म्हणाले तर मुलं आली पाहिजेत, नाही म्हणाले तर त्यांच्या घरी फराळाचं ताट पाठवा आणि विषय तिथेच थांबवा. मुलाला परस्पर बोलावून, "घरी सांगू नकोस" असं म्हणणं हे त्या मुलाला आईबापाशी खोटं बोलायला लावणं आहे, आणि येशूच्या नावाने तर ते मुळीच होता कामा नये. आली तर त्यांना कोपऱ्यात प्रेक्षक म्हणून बसवू नका, टाळ द्या, घोंगडी द्या. खाऊ सगळ्यांना सारखा, आणि त्याला कसलीही अट नाही.

गिफ्टच्या पैशांबद्दल. ४२ प्लॅस्टिकच्या गाड्या २६ तारखेपर्यंत मोडतात. याच दिवसांत कारखाने चालू असतात आणि ऊसतोडीला बीडकडून आलेली कुटुंबं शहराच्या कडेने कोप्या करून राहतात. त्यांच्यात तुमच्या मुलांच्या वयाची मुलं आहेत, तान्ही बाळंही आहेत. मुलांना घेऊन तिथे जा. आधी तुम्ही दोघी मुकादमाला आणि बायकांना भेटून काय हवंय ते विचारा. लोक मिठाई देतात, त्यांना बहुधा चादर, साबण आणि लेकरांसाठी कानटोपी हवी असते. ती माणसं पहाटे अंधारात निघतात, त्यामुळे जायचं ते संध्याकाळी, आणि अर्ध्या तासात परतायचं, त्यांना स्वयंपाक करायचा असतो. तिथे भाषण नको, बॅनर नको, फोटो तर नकोच. एका वर्षी आमच्यातली एक मुलगी कोपीत डोकावून बाहेर आली आणि म्हणाली, "बाई, बाळाला खाली गवतच घातलंय." मी काही समजावलं नाही. तिचं तिने जुळवलं होतं.

सुरक्षेचं थोडक्यात, पण ते टाळू नका. तालमीला कायम दोन मोठी माणसं हवीत, एका खोलीत एक मोठा आणि एक मूल असं कधीही नको. कपडे बदलायची जागा वेगळी. रात्री कोणतं मूल कुणाबरोबर घरी जाणार ते वहीत लिहा. पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. मुलाने काही वावगं सांगितलं तर विश्वास ठेवा, दाबू नका, १०९८ ही चाइल्डलाइन आहे. आणि मराठी शाळांना २४ तारखेला सुट्टी नसते, डिसेंबरात गॅदरिंगही असतात, तेव्हा रोज तालीम ठेवू नका. रविवार आणि शेवटचे दोन शनिवार पुरतात. पाठांतर थोडं कमी पडलं तर पडू द्या.

शेवटी पुन्हा तुमची मुलगी. मरीया निवडूच नका. मरीया ज्या ज्या प्रसंगात आहे ते मोजा: गब्रीएल, अलीशिबाचं घर, वाट, गव्हाणी, मेंढपाळ, आणि मंदिरात बाळाला बघायला आलेले म्हातारे शिमोन व हन्ना. सहा झाले, मागींचा सातवा जानेवारीत. प्रत्येक प्रसंगात वेगळी मरीया. एकच निळी ओढणी, ती एकीने दुसरीच्या डोक्यावर घालायची, सगळ्या मंडळीसमोर. कोणती मुलगी कोणत्या प्रसंगात हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. जखऱ्या मंदिरात धूप जाळायला गेला तो चिठ्ठी निघाली म्हणूनच, म्हणजे नाताळची गोष्ट सुरू होते तीच चिठ्ठीने. कुणाच्या आईला मग तुमच्याशी भांडता येणार नाही. शिमोन मात्र मुलांतला नको. मंडळीतल्या सगळ्यांत वयस्कर आजोबांना विचारा, त्यांच्या थरथरत्या हातात बाहुली द्या आणि शिमोनाच्या ओळी त्यांनाच वाचू द्या.

चिठ्ठ्या टाकायच्या आधी त्या मुलीच्या घरी एकदा जा. "गेल्या वर्षी तू मला जे म्हणालीस, तेव्हा मी गप्प बसले, ते चुकलं माझं," एवढं तिला सांगा, तिच्या आईसमोर सांगा. ती कदाचित लाजून आत पळेल. पळू द्या. मग आईला म्हणा, ओढणी आणायला बाजारात जायचंय, हिला पाठवाल का माझ्याबरोबर? रंग तिलाच निवडू द्या. फक्त कापड सुती बघा, सिंथेटिक ओढणी लहान मुलींच्या डोक्यावरून सारखी घसरते.